बुजऱ्या सरड्याशी जवळीक

भोर तालुक्यातील आंबवड्यासारख्या गावांत कुंपणावर दिसणारा सरडा पिंजऱ्यात पाळण्याजोगा नव्हे, आणि घोरपड तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने तिला पकडणे हा गुन्हाच ठरतो. तरीही सरड्याचा बुजरेपणा, त्याला मोकळा ठेवूनच, कमी करता येतो. वरून पडणारी सावली त्याला शिकारी पक्ष्याची चाहूल ठरते, म्हणून तो सकाळी ऊन खात असताना माणसाने काही अंतरावर खाली बसून स्थिर राहावे. निरुपद्रवी गोष्ट वारंवार दिसली की प्राणी तिला सरावतो आणि त्याचे पलायन-अंतर, म्हणजे माणूस किती जवळ येताच तो पळतो ते अंतर, हळूहळू घटते. हे मायेमुळे नव्हे, भीती ओसरल्यामुळे घडते, पण त्याचे मोल मुळीच कमी नाही. हात लावण्याचा मोह मात्र टाळावा, कारण एकदा पकडल्यास हा सराव मोडू शकतो.