उजनीचं पाणी ‘उणे’ झालं की जुनं पळसदेव का दिसतं?

पुणे-सोलापूर महामार्गावर कुरकुंभ, भिगवण मागे टाकलं की पळसदेव लागतं. भीमेकाठचं मूळ गाव मात्र १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्यात गेलं. २०२४ च्या उन्हाळ्यात पाणी ओसरलं, पळसनाथाचं हेमाडपंती मंदिर उघडं पडलं आणि लोक तिथपर्यंत चालत गेले.

असं कधी होतं? उजनीत सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा. त्यामुळे शून्य टक्के म्हणजे कोरडं धरण नव्हे. मृतसाठ्याला हात लागला की पातळी ‘उणे’ मोजतात. ती बरीच खाली गेली की मंदिर दिसतं.

पर्यटकांसाठी ही पर्वणी, शेतकऱ्यांसाठी टंचाईची खूण. विस्थापितांना तर गाव भेटतं ते दुष्काळातच.