शिळी फाइल
रात्री अडीचला फोन. "साहेब, फाइल शिळी झालीय म्हणतंय!" ‘स्टेल फाइल हँडल’चं हे फोनवरच्या पोरानं केलेलं मराठी. चूक माझीच होती.

आमच्याकडे युनिक्सचे दोन सर्व्हर, दोघांत मिळून एकच डिस्क आणि एक फिरता आयपी पत्ता. एक सर्व्हर बसला की दुसरा तोच पत्ता घेऊन उभा राहतो. वापरणाऱ्याला संगणक घडीभर अडकल्यासारखा वाटतो, इतकंच. हे सर्व्हर फायली वाटतात त्या एनएफएस पद्धतीनं; ती सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ च्या सुमारास आणली. तिच्यात प्रत्येक फाइलचं एक टोकन, म्हणजे ‘हँडल’, असतं, बँकेतल्या पितळी बिल्ल्यासारखं. त्यात डिस्कचा क्रमांक, म्हणजे एफएसआयडी, दडलेला असतो. मी तो दोन्हीकडे सारखा लिहायला विसरलो होतो. त्या रात्री पहिला बसला, दुसरा उभा राहिला; मग जुना बिल्ला नव्या खिडकीवर कसा चालणार?

खरी भीती वेगळीच. पहिला सर्व्हर मेलेला नसून नुसता गप्प असेल आणि दोघंही एकाच डिस्कवर लिहू लागले, तर सगळा विचका. म्हणून ताबा घेण्याआधी दुसरा पहिल्याची वीजच तोडतो. भाऊबंदकीच म्हणा!

तुमच्याकडे अशी जोडी असेल, तर पहिला सर्व्हर एकदा दिवसाढवळ्या, सगळे जागे असताना, मुद्दाम बंद करून बघा.