शहापूर व मुरबाड परिसरातील शिंजीर

शिंजीर किंवा सूर्यपक्षी हे फुलांतील मध पिणारे लहान पक्षी आहेत. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांत ते पानगळीची वने, शेतांचे बांध आणि परसबागा येथे दिसतात. त्यांना अनेकदा ‘हमिंगबर्ड’ म्हटले जाते; प्रत्यक्षात हमिंगबर्ड भारतात आढळत नाहीत.

हमिंगबर्डशी तुलना

हमिंगबर्ड केवळ उत्तर व दक्षिण अमेरिकेत आढळतात आणि ते पाकोळ्यांचे जवळचे नातलग आहेत. शिंजीर मात्र चिमणीच्या गणातील आहेत. मधाच्या आहारामुळे लांब, बारीक चोच व लांब जीभ ही वैशिष्ट्ये दोन्ही गटांत स्वतंत्रपणे विकसित झाली. हमिंगबर्ड हवेत स्थिर राहून मध पितो, तर शिंजीर सहसा फांदीवर बसून पितो व क्वचितच क्षणभर तरंगतो.

जाती

जांभळा शिंजीर सुमारे १० सेंमी लांब असतो. विणीच्या काळात नर चमकदार निळा-जांभळा दिसतो. एरवी त्याचे पोट पिवळसर असून मधोमध गडद पट्टा असतो. मादी वरून तपकिरी-हिरवट व खालून पिवळी असते. विगर्सचा शिंजीर केवळ पश्चिम घाटात आढळतो.

वसंतातील निरीक्षण

अमेरिकेत हमिंगबर्डसाठी अंगणात साखरपाण्याची भांडी टांगतात. येथे ते काम फुललेली झाडे करतात. काटेसावर, पळस व पांगारा बहुधा निष्पर्ण असताना फुलतात, त्यामुळे पक्षी सहज दिसतात. तानसा अभयारण्य व माळशेज घाटाचा पायथा येथे सकाळची वेळ निरीक्षणास सोयीची असते. परसात जास्वंद व केळफुलावर शिंजीर येतात.

परागीभवन व बांडगूळ

आंब्यावरील बांडगुळाच्या फुलांचे परागीभवन शिंजीर करतात, तर त्याच्या बिया फुलटोचे पसरवतात. सलीम अली यांनी कोकणातील या संबंधावरील लेख १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. बांडगूळ आंब्याला अपायकारक असल्याने बागायतदार ते छाटतात. मात्र तेच शिंजिराचे अन्न असते.

घरटे

मादी गवत, तंतू व कोळ्याच्या जाळ्यांपासून लोंबते घरटे विणते. त्याचे दार बाजूला असते व त्यावर लहानशी पडवी असते. घरटे कधी ओटीवरील तारेलाही आढळते. पिलांना प्रामुख्याने कीटक व कोळी भरवले जातात. त्यामुळे परसात कीटकनाशक फवारल्यास त्यांचे अन्न घटते. फुले असूनही पिले उपाशी राहू शकतात.