तिघांपैकी रुसलाय कोण?

भोपाळमधल्या बाग सेवनियाच्या गल्ल्यांमध्ये अजूनही एखाद्या घरापुढे कव्हर घातलेली कार्बोरेटरवाली मारुती ८०० उभी दिसते. १९८३ साली रस्त्यावर आलेलं हे मॉडेल २०१४मध्ये बंद झालं, पण नर्मदापुरम रोडला कामापुरती ये-जा करायला ती अजून पुरते. तिचं ठरलेलं दुखणं म्हणजे सिग्नलला थरथरायचं, पिकअप द्यायचा नाही आणि सायलेन्सरमधून मधूनच फट् करायचं. 'मिसिंग कर रही है,' असं म्हणत मिस्त्री प्लग, वायरी, कॉईल अशी यादी हातात देतो. सगळं नवं बसतं आणि चार दिवसांनी थरथर पुन्हा सुरू होते.

सामान आणण्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात. मिसिंग केव्हा होतं आणि कोणत्या सिलिंडरमध्ये होतं.

'केव्हा' हा प्रश्न फुकटचा आहे, म्हणून बहुधा कुणी विचारत नाही. गाडी उभी असताना थरथरते पण रेस दिली की सुतासारखी चालते, तर इंजिन कुठून तरी हवा ओढत असणार. आयडलिंगला आत जाणारी हवा मुळात थोडी, त्यामुळे फाटक्या नळीतून घुसलेली जास्तीची हवा मिश्रण पातळ करते. रेस वाढली की तेवढ्याच गळतीचं काही वाटत नाही. उलट आयडलिंग ठीक, पण तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये जोर लावला की गचके, तर संशय करंटवर घ्यावा. भार आला की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि त्या दाबात ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. झिजलेला प्लग किंवा चिरलेली वायर तिथेच माघार घेते. गाडी तापल्यावरच बिघडत असेल तर कॉईल पाहावी, आणि टॅपेटही. टॅपेट टाइट असले की तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही.

आता सिलिंडर. या इंजिनात ते तीनच आहेत, हे आपलं नशीब. आयडलिंगला साधारण ९०० आरपीएम धरले, तर एकेका सिलिंडरमध्ये सेकंदाला सात-आठदा पेट्रोल पेटतं. एक गप्प झाला की एक तृतीयांश जोर गेला, म्हणून चार सिलिंडरच्या गाडीपेक्षा ही जास्त हादरते. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढायची, तिच्या तोंडात जुना प्लग खोचून त्याचा लोखंडी भाग इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट टेकवून बांधायचा आणि मग इंजिन चालू करायचं. वायर मोकळी लोंबत ठेवू नये. ठिणगीला वाट मिळाली नाही तर कॉईल आणि इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर दोन्हींवर ताण येतो. चालत्या इंजिनची वायर नुसत्या हाताने उपटायचं धाडसही नको. वायर काढल्यावर इंजिन आणखी लंगडलं, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर रुसलेला तोच.

मग त्याचा प्लग शेजाऱ्याला लावा. मिसिंग शेजारी गेलं तर प्लग खराब, जागेवरच राहिलं तर हाच खेळ वायरीशी, लांबी पुरत असेल तर. काढलेला प्लग नीट पाहावा. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे मिश्रण पातळ, तेलकट म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीलं. पेट्रोलने भिजलेला असेल तर ठिणगीच पडत नाही. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरची टोपीही उघडून बघावी. आतल्या बाजूला पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर करंट तिथूनच पळतोय. अशी टोपी पुसून भागत नाही, बदलावीच लागते.

तिन्ही सिलिंडर आलटून पालटून अडखळत असतील तर दोष सगळ्यांच्या सामाईक वाटेवर असतो. कॉईल, पॉइंटवाली गाडी असेल तर पॉइंट आणि कंडेन्सर, नाहीतर कार्बोरेटर. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी शोषून घेतं आणि जुन्या गाडीचे रबरी पाइप मऊ पाडतं. पाइपचा भुगा जेटमध्ये जाऊन बसतो. पाइप आणि फिल्टर बदलल्याशिवाय नुसता कार्बोरेटर धुणं म्हणजे पैसे पाण्यात.

ठिणगी ठीक, पेट्रोल ठीक, तरी एकच सिलिंडर गप्प असेल, तर कॉम्प्रेशन मोजायची वेळ आली. इंजिन तापवून तिन्ही प्लग काढायचे, कॉईलचा करंट तोडायचा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून स्टार्टर फिरवायचा आणि गेजवरचे तिन्ही आकडे एकमेकांशी ताडून पाहायचे. कमी आकडा आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत, कारण तेलाने ती फट तेवढ्यापुरती बुजवली. चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारचे दोन आकडे जोडीने पडले असतील तर बहुतेक गॅस्केटच. हेड उतरवून व्हॉल्व्ह घासून घेणं या गाडीला परवडतं. रिंगांपर्यंत प्रकरण गेलं असेल, तर इंजिन उघडण्याआधी गाडी जॅकवर घेऊन तळाचा गंज बघून घ्या.