विश्लेषण : सिझेरियनच्या वेळी पाठीत दिलेल्या इंजेक्शनने कंबर कायमची दुखते का?

नांदेड-लातूर भागात सिझेरियन झालेल्या बाईची कंबर दुखू लागली, की पहिला दोष पाठीतल्या इंजेक्शनला दिला जातो. मूल दहा वर्षांचे झाले तरी ‘तेव्हा सुई टोचली, तेव्हापासून’ हेच कारण सांगितले जाते. या भीतीपोटी काही नातेवाईक ऐन वेळी ‘पूर्ण भूलच द्या’ असा आग्रह धरतात. तो बाळ-बाळंतिणीच्या अंगाशी येऊ शकतो.

सुई नेमकी कुठे जाते?

प्रौढ व्यक्तीचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खालच्या फटीतून जाते, त्यामुळे ‘मज्जारज्जूत सुई घुसते’ ही समजूत चुकीची आहे. आतल्या पाण्यात ब्युपिव्हकेन हे औषध सोडतात, तेही साधारण दोन मिलिलिटर. काही मिनिटांत छातीखालचा भाग बधिर होतो. बाई जागी राहते, बाळाचे पहिले रडणे ऐकते.

पूर्ण भूल का टाळतात?

गरोदरपणात पोटातले अन्न वर येण्याची शक्यता वाढते, घशाला सूज असते. बेशुद्ध केल्यावर अन्न फुप्फुसात जाणे किंवा श्वासनलिकेत नळी न बसणे, हे दोन्ही जिवावर बेतू शकते. रक्त गोठत नसेल किंवा फार तातडी असेल, तेव्हा मात्र पूर्ण भूलच द्यावी लागते. तो निर्णय भूलतज्ज्ञाचा.

मग कंबर का दुखते?

सुईच्या जागी दोन-चार दिवस ठणकते, हे खरे. पण नैसर्गिक प्रसूती झालेल्या, पाठीत सुई न टोचलेल्या बायकांचीही कंबर दुखतेच. गरोदरपणात सांधे सैल होतात, पोटाच्या वजनाने पाठीचा बाक वाढतो. त्यानंतर वाकून पाजणे, पाण्याच्या घागरी आणि महिना-दोन महिन्यांत पुन्हा सोयाबीनच्या काढणीला जाणे. दोष सुईला देणे सोपे. बाळंतिणीला विश्रांती देणे घराला जड जाते.

डोकेदुखीचे काय?

ही तक्रार मात्र खरी आणि जुनी आहे. जर्मन सर्जन ऑगस्ट बीअर यांनी १८९८ मध्ये या पद्धतीची सुरुवात केली, तेव्हा सहायकाकडून स्वतःच्या पाठीतही सुई टोचून घेतली. सिरिंज सुईला नीट बसली नाही, बरेच पाणी वाहून गेले आणि बीअर कित्येक दिवस डोकेदुखीने अंथरुणाला खिळले. कारण आजही तेच : सुईच्या छिद्रातून पाणी झिरपते. उठून बसले की डोके ठणकते, आडवे झाले की थांबते. बारीक, पेन्सिलसारख्या टोकाच्या सुयांमुळे हे प्रमाण खूप घटले आहे. ‘चोवीस तास उशी घेऊ नका’ हा वॉर्डातला नियम मात्र अभ्यासांत टिकलेला नाही. सपाट पडून राहिल्याने ही डोकेदुखी टळत नाही. बहुतेकींची ती पाणी, साध्या गोळ्या आणि चहा-कॉफीने काही दिवसांत जाते. न गेल्यास बाईचेच थोडे रक्त त्याच जागी सोडून छिद्र बंद करता येते.

डॉक्टरांना काय सांगावे?

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, रक्तस्रावाचा आजार आणि शेवटचे कधी खाल्ले, हे लपवू नये. नुकताच फवारणीच्या औषधाचा त्रास झाला असेल तर तेही सांगावे. काही कीटकनाशकांमुळे पूर्ण भुलीतल्या स्नायू शिथिल करणाऱ्या एका औषधाचा अंमल लांबतो. घरी गेल्यावर ताप आणि मान ताठरणे, पायातली ताकद जाणे किंवा लघवी अडकणे यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. नांदेडला विष्णुपुरीतील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथे त्यासाठी जाता येते.