ज्यांच्या हॉलमध्ये आपला गणपती बसतो



आपल्या मंडळाचा गणपती गेली काही वर्षे ज्या हॉलमध्ये बसतो तो जर्मन क्लबचा आहे, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. भाडे परवडते, पार्किंग भरपूर, स्वयंपाकघर ऐसपैस आणि उदबत्ती-निरांजनाला कोणी नाही म्हणत नाही. (फक्त धुराच्या अलार्मखाली आरती करू नका, एवढीच त्यांची अट!) पण महाप्रसादाच्या रांगेत उभे असताना डाव्या भिंतीवरचे फोटो आपल्यापैकी किती जणांनी नीट पाहिले असतील? मीही कधी पाहिले नव्हते.

गेल्या विसर्जनाच्या दिवशी झाडलोट आटोपून किल्ली परत द्यायला मी मागे थांबले, तेव्हा ते पाहिले. पहिल्या फोटोत भरघोस मिशांचे साठ-सत्तर पुरुष, हातात गाण्याच्या वह्या. पुढच्यात पांढऱ्या कपड्यांतली मुले पॅरलल बारवर कसरत करताहेत. मग बायकांचे मंडळ, मग नाच, मग सहली. जसजसे फोटो रंगीत होत जातात तसतशी त्यांतली माणसे कमी होतात आणि केस पांढरे होतात. शेवटच्या फोटोत अकरा जण आहेत. त्यांतलेच एक आजोबा, क्लबचे खजिनदार, वय ऐंशीच्या पुढे, माझ्याकडून किल्ली घ्यायला आले होते.

डब्यात उरलेला मोदक त्यांना दिला. तो खाता खाता ते म्हणाले, "आज तुमची मुलं पुष्कळ होती. बरं वाटलं. एक विचारू? ती आपापसात भांडत होती ती कुठल्या भाषेत?"

मी म्हटले, "इंग्रजीत."

"आमचीही इंग्रजीतच भांडायची," एवढे बोलून त्यांनी दिवे मालवले.

तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. मग हिवाळाभर लायब्ररीतून पुस्तके आणून या जर्मन मंडळींचा अमेरिकेतला इतिहास वाचला. त्यातले थोडे आपल्यापुढे ठेवते, कारण वाचताना मला जागोजागी आपलेच मंडळ दिसत होते.

मंडळ म्हणजे फेराइन

जर्मन भाषेत मंडळाला 'फेराइन' म्हणतात. तीन जर्मन एकत्र आले की एक फेराइन निघते, असा विनोद त्यांच्यात आहे. (आपला विनोद आपल्याला माहीत आहेच: दोन मराठी माणसे, तीन मंडळे!) गाण्याचे फेराइन वेगळे, व्यायामाचे वेगळे, बायकांचे वेगळे, आजारपणात आणि अंत्यविधीला मदत करणारे वेगळे. यांतले अमेरिकेतले सर्वांत जुने आपल्यापासून दीड तासाच्या ड्राइव्हवर, फिलाडेल्फियात आहे. त्याचे नाव जर्मन सोसायटी ऑफ पेनसिल्व्हेनिया. स्थापना २६ डिसेंबर १७६४, म्हणजे अमेरिका हा देश जन्माला येण्याच्याही अगोदर.

मला वाटले होते, नाताळात नाचगाणी करण्यासाठी ही मंडळी जमली असतील. तसे नव्हते. त्या काळी गरीब जर्मन माणसे भाडे न भरताच जहाजात चढत. इथे पोचल्यावर जो कोणी कप्तानाला भाड्याचे पैसे देई, त्याच्याकडे ते फिटेपर्यंत काही वर्षे राबावे लागे. पैसे चुकते होईपर्यंत जहाजातून उतरू देत नसत. मिटेलबर्गर नावाचा एक शिक्षक १७५० मध्ये या वाटेने आला. जहाजावरचे आजार, सडके पाणी आणि बंदरावर आईबापांपासून तुटणारी मुले याचे वर्णन त्याने करून ठेवले आहे. ते वाचल्यावर आपल्या जे. एफ. के.वरच्या इमिग्रेशनच्या रांगेबद्दल तक्रार करू नये असे वाटते.

हे हाल बघवेनात म्हणून फिलाडेल्फियात आधीच स्थिरावलेले जर्मन लोक तिथल्या लुथरन शाळेत जमले आणि त्यांनी सोसायटी काढली. पहिला अध्यक्ष हाइन्रिश केपेले हा व्यापारी. तो स्वतः १७३८ मध्ये आला होता, आणि त्याच्या जहाजावरचे बहुतेक प्रवासी वाटेतच मेले होते. म्हणजे अध्यक्षाला दुखणे माहीत होते. पहिल्याच वर्षी, १७६५ मध्ये, सोसायटीच्या खटपटीने जहाजांवरच्या प्रवाशांची स्थिती सुधारण्यासाठी पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने कायदा केला. पुढे आजाऱ्यांना औषधपाणी, फसवल्या गेलेल्यांना वकील, बेकारांना नोकरी ही कामे सुरू झाली. वाचनालय आले १८१७ मध्ये, म्हणजे पन्नासहून अधिक वर्षांनी.

थोडक्यात काय, आधी बंदरावरची मदत आणि मागून संस्कृती.

इतिवृत्त कोणत्या भाषेत?

आपल्या कार्यकारिणीत गेल्या वर्षी इतिवृत्त मराठीत लिहायचे की इंग्रजीत यावरून जो वाद झाला, तो आपल्याला आठवत असेल. मंडळी, हा वाद दोनशे वर्षांचा जुना आहे! फिलाडेल्फियाच्या सोसायटीतही १८१८ पासून कारभार इंग्रजीत होऊ लागला. संस्थापकांची नातवंडे आता सभासद होती आणि त्यांना तेच सोपे जाई. चाळीसएक वर्षांनी, १८५९ मध्ये, जर्मन भाषा परत आली. मधल्या काळात जुन्या लोकांना काही साक्षात्कार झाला नव्हता. १८४८ ची क्रांती जर्मनीत फसली, आणि त्यानंतर शिकलेसवरलेले, वर्तमानपत्रे काढणारे, वाद घालणारे लोक मोठ्या संख्येने इकडे आले. भाषा परत आली ती नव्याने आलेल्या माणसांबरोबर.

त्यानंतरची साठ वर्षे म्हणजे या लोकांचा सुवर्णकाळ. १८४८ मध्ये सिनसिनाटीत पहिले 'टर्नफेराइन' निघाले, म्हणजे आपल्याकडच्या तालमीसारखी व्यायामशाळा. पण तिथे व्याख्याने, नाटके, वाचनालयही असे. मिलवॉकीतल्या टर्नर मंडळाची स्थापना १८५३ ची. विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउन गावी मार्गारेट शुर्झ या बाईंनी १८५६ मध्ये चार-सहा मुले घेऊन जर्मन बालवर्ग काढला. अमेरिकेतले ते पहिले किंडरगार्टन. आपली मुले जिथे पहिला दिवस रडत काढतात त्या वर्गाचे नाव जर्मन का, याचे उत्तर मला असे मिळाले. १८९० च्या सुमारास या देशात जर्मन भाषेतली शेकडो वर्तमानपत्रे निघत होती. १९१० मध्ये सव्वानऊ कोटींच्या वस्तीत ऐंशी लाखांवर लोक जर्मनीत जन्मलेले किंवा तिथे जन्मलेल्या आईबापांची मुले होती. एवढे बळ पाहून कोणाला वाटले असते की ही भाषा इथून जाईल?

व्हॉनेगटांच्या घराची गोष्ट

इंडियानापोलिसच्या जर्मन मंडळींनी १८९० च्या दशकात एक भव्य वास्तू बांधली. व्यायामशाळा, नाट्यगृह, सभागृह, तळघरात उपाहारगृह. नाव 'दास डॉइच हाउस', म्हणजे जर्मन भवन. वास्तुविशारदांपैकी एक होते बर्नार्ड व्हॉनेगट.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली, आणि कालपर्यंतचे शेजारी एका रात्रीत संशयित झाले. शाळांतून जर्मन विषय काढून टाकला. रस्त्यांची नावे बदलली. आंबवलेल्या कोबीच्या जर्मन भाजीला 'स्वातंत्र्य-कोबी' म्हणू लागले. इलिनॉयमधल्या कॉलिन्सव्हिल गावी एप्रिल १९१८ मध्ये रॉबर्ट प्रागर या जर्मन कामगाराला जमावाने फाशी दिले. जर्मन मंडळांची देशव्यापी संघटना १९०१ मध्ये फिलाडेल्फियातच उभी राहिली होती. तिची सनद काँग्रेसने १९१८ मध्ये रद्द केली. त्याच वर्षी इंडियानापोलिसच्या जर्मन भवनावरची पाटी उतरली आणि 'अथेनियम' अशी नवी लागली.

त्या वास्तुविशारदाचा नातू १९२२ मध्ये जन्मला. तो म्हणजे पुढे प्रसिद्ध झालेला कादंबरीकार कर्ट व्हॉनेगट. आपण पक्के अमेरिकन आहोत हे दाखवण्यासाठी आईवडिलांनी त्याला जर्मन भाषा, साहित्य, संगीत यांपासून दूरच वाढवले, असे त्याने पुढे लिहिले. ज्या आजोबांनी भाषेसाठी महाल बांधला, त्यांच्या नातवाला ती भाषा मिळाली नाही. हाच नातू दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिक म्हणून लढताना पकडला गेला. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेन शहरावर बाँबवर्षाव झाला, तेव्हा तो तिथे युद्धकैदी होता आणि एका कत्तलखान्याच्या तळघरात वाचला. पणजोबांच्या देशात तो परका म्हणून पोचला होता.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. आपल्याकडे २००१ च्या सप्टेंबरनंतर काही घरांनी दारावरचे तोरण काढून ठेवले होते, मुलांना दुकानात मराठीत बोलू नका म्हणून दटावले होते. आमच्याही घरी हे झाले. आम्ही घाबरलो होतो, याची आज लाज वाटत नाही. पण मुलांनी त्यातून काय घेतले, याचा विचार तेव्हा केला नव्हता.

एका शिक्षकाचे उपकार

याच काळात नेब्रास्का राज्याने कायदा केला, की आठवी पास होण्याआधी मुलांना कोणतीही परकी भाषा शिकवायची नाही. मे १९२० मध्ये रॉबर्ट मायर या शिक्षकाला दहा वर्षांच्या मुलाकडून जर्मन वाचून घेताना पकडले. दंड पंचवीस डॉलर. मायर यांनी तो मान्य केला नाही. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि ४ जून १९२३ रोजी न्यायालयाने शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. भाषा शिकवणे आणि ती आपल्या मुलांना शिकवून घेणे हा माणसाच्या स्वातंत्र्याचा भाग आहे, असे त्यात मानले. आपण रविवारी बेसमेंटमध्ये बिनधास्त 'अ अननसाचा' शिकवतो. त्यामागे एका गावातल्या जर्मन मास्तरांचा हट्ट आहे.

आज काय उरले?

आजही सुमारे साडेचार कोटी अमेरिकन लोक आपले मूळ जर्मन म्हणून सांगतात. त्यांतल्या फार थोड्यांना ती भाषा येते. ऑक्टोबरात बिअर, सॉसेज, बँड असा उत्सव होतो आणि गर्दीही होते. पण उत्सवाने भाषा राखली नाही.

फिलाडेल्फियाची सोसायटी मात्र टिकली. स्प्रिंग गार्डन स्ट्रीटवरची १८८८ ची इमारत उभी आहे. आत पन्नास हजारांहून अधिक पुस्तकांचे हॉर्नर वाचनालय आहे. १९९० च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मंडळींच्या मदतीने त्याची नव्याने सूची झाली आणि देशोदेशीचे अभ्यासक तिथे येऊ लागले. सोसायटी भाषेचे वर्ग चालवते, संगीताचे कार्यक्रम करते, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देते. सभासद होण्यासाठी आजोबा जर्मन असावे लागत नाहीत.

मला यातून तीन गोष्टी दिसल्या. एक, नव्याने आलेल्याला उपयोगी पडणारे मंडळ जगते. नुकत्याच एच-वनवर आलेल्या, नोकरी गेली तर साठ दिवसांत काय करू या काळजीत असलेल्या जोडप्याला आपल्या मंडळाकडून दिवाळीच्या तिकिटाखेरीज काय मिळते? दोन, कागद जपा. आपले जुने अंक, नाटकांची पत्रके, पहिल्या गणपतीचे फोटो कोणाच्या गराजमध्ये आहेत ते तरी लिहून ठेवू या. तीन, आणि सर्वांत अवघड: भाषा हॉलमध्ये टिकत नाही, ती घरात टिकते. व्हॉनेगटांकडे हॉल तर महालासारखा होता. कमी पडले ते जेवणाच्या टेबलावर.

परवा यंदाच्या गणपतीचे बुकिंग करायला गेले, तेव्हा खजिनदार आजोबांना हे सारे सांगितले. ते म्हणाले, "आमच्या बाबांनी युद्धानंतर घरात जर्मन बंद केलं. शेवटच्या आजारात मात्र ते इंग्रजी विसरले. मी पलंगाशेजारी बसायचो आणि मला त्यांचं काही कळत नव्हतं."

घरी आले तर दोन्ही लेकी टीव्हीच्या रिमोटवरून भांडत होत्या. इंग्रजीत. मी म्हटले, "भांडा, पण मराठीत." धाकटी थबकली, शब्द शोधू लागली आणि म्हणाली, "ताई, तू... तू फार आगाऊ आहेस!" दोघी खो-खो हसत सुटल्या. भांडण तिथेच राहिले. पण 'आगाऊ' हा शब्द तिला माहीत होता, याचाच मला कोण आनंद!

एका शनिवारी फिलाडेल्फियाला जाऊन ते वाचनालय पाहून यावे असा विचार आहे. आधी फोन करून वेळ विचारून घेऊ, गाड्या वाटून घेऊ, डबे नेहमीप्रमाणे. ज्यांना यायचे असेल त्यांनी पुढच्या पॉटलकला सांगावे. आणि ज्यांच्या गराजमध्ये जुने अंक असतील त्यांनी ते, कृपा करून, टाकून देऊ नयेत.