किल्ली देण्यापूर्वी

शेजारच्या घरातली परवाची गोष्ट. कॉलेजात जाणारा मुलगा तोंड पाडून घरी आला. मोबाइल कानाला लावून, एका हाताने मोटरसायकल दामटत त्याने लाल सिग्नल तोडला होता आणि पुढच्याच चौकात हवालदाराने त्याला अडवले होते. वडिलांनी पहिला प्रश्न विचारला, "दंड किती?" आकडा ऐकून त्यांनी सुस्कारा सोडला. आजींनी मात्र विचारले, "आणि लायसन कुठाय रे तुझं?"

ते पोलिसांनी ठेवून घेतले होते.

आपल्यापैकी बहुतेकांची समजूत त्या वडिलांसारखीच असते. दंड भरला, पावती घेतली, प्रकरण मिटले! पण कायद्याचा खरा चिमटा बसतो तो लायसनला. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचे १८४ वे कलम धोकादायक पद्धतीने वाहन चालवण्यासंबंधी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने लाल सिग्नल तोडणे, हातात मोबाइल धरून गाडी चालवणे, उलट दिशेने गाडी घालणे हेही त्यात स्पष्टपणे आले. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

शिवाय पोलीस लायसन ताब्यात घेऊन आर.टी.ओ.कडे पाठवू शकतात. तिथे चालकाचे म्हणणे ऐकून घ्यावेच लागते. ते पटले तर सुटका होते. पटले नाही, तर पहिल्या खेपेला तीन महिने गाडी चालवण्यास मनाई आणि दुसऱ्या खेपेला लायसनच रद्द! या निर्णयाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येते. आधी याच कलमाखाली शिक्षा झालेल्या चालकाच्या अशाच बेफिकिरीने पुढे कुणाचा जीव गेला किंवा कुणी गंभीर जखमी झाले, तर गुन्हा नोंदल्या दिवसापासून सहा महिने लायसन निलंबित होते. त्यासाठी खटल्याच्या निकालाची वाट पाहिली जात नाही. मृत्यूचा खटला वेगळाच चालतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या दंडविधानात ती दोन वर्षांपर्यंत होती.

रिक्षावाल्याला लायसनची किंमत सांगावी लागत नाही. तीन महिने ते नसले तर घरची चूल कशी पेटायची, हा त्याच्यापुढचा प्रश्न असतो. आपल्या घरांत मात्र मनाईचा कागद खणात पडतो आणि मुलगा म्हणतो, "कोण बघतंय? कोपऱ्यापर्यंतच तर जायचंय!" आपणही किल्ली काढून देतो.

इथे आपण स्वतःच कायद्याच्या कचाट्यात सापडतो. मनाईच्या काळात लायसन निरुपयोगी असते. त्या काळात गाडी चालवणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. आणि लायसन नसलेल्याच्या हाती गाडी देणाऱ्या मालकालाही तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. मूल अल्पवयीन असेल, तर गोष्ट आणखी गंभीर. त्याने गुन्हा केल्यास पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही.

लायसन म्हणजे रस्त्यावरच्या अनोळखी माणसांनी आपल्यावर टाकलेला भरवसा. शाळेतून परतणारी मुले, भाजी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या आजीबाई त्या भरवशावरच पाऊल पुढे टाकतात.

शेजारच्या मुलाची आर.टी.ओ.तली सुनावणी अजून व्हायची आहे. सोमवारी सकाळी त्याने नेहमीसारखी खुंटीवरच्या किल्लीकडे नजर टाकली. खुंटी रिकामी होती. वडिलांनी बसभाड्याचे सुटे पैसे त्याच्या हातावर ठेवले. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त डबा पुढे केला.